मागं वळवलेले केस

१ जानेवारी १९७१. सकाळी

नवं वर्ष, नवी डायरी. साखर कारखान्याची आहे, वाटून उरलेल्यांतली. यंदा दहा-बारा संकल्प करायचे नाहीत, एकच करायचा. केस.

कपाळापासून थेट मागं. क्रीम लावून. कंगव्याच्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत आणि वारा सुटला तरी एक केस हलता कामा नये. आमच्या शेतकी ऑफिसातली पोरं हल्ली कानांवर केस सोडून येतात. ती फॅशन सहा महिन्यांत जाईल. मागं वळवलेले केस कायम राहतात. वकील, इंजिनिअर, झाडून सगळे मोठे लोक तसेच.

क्रीमची बरणी नगरहून आणली. सकाळ-संध्याकाळ लावणार.

वय बत्तीस. कपाळ दरवर्षी थोडं रुंद होतंय. विचार करणाऱ्या माणसाचं होतंच.

६ जानेवारी

रिझल्ट उत्तम. एकच अडचण. सायकलवरून उसाच्या नोंदी घ्यायला तीन गावं फिरलो. पुढं उसाच्या बैलगाड्या. त्यांची सगळी धूळ क्रीमवर बसली, वर पाचटाच्या काड्या. एका मळ्यात म्हातारीनं विचारलं, क्लार्कसाहेब, डोस्कं सारवलंय का काय. खेड्यात टेस्ट नाही.

उपाय : उद्यापासून डोक्याला रुमाल बांधणे.

७ जानेवारी

रुमालानं स्टाईल दबते. बंद.

१० जानेवारी, रविवार

मानेवरचे केस कापायला आसाराम न्हाव्याकडं गेलो. तो म्हणाला, दादा, मागं कशाला नेता, फुडं वढून भांग पाडा, म्हंजी झाकून जाईल. काय झाकून जाईल ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. धंद्यात नवीन काही शिकायची या माणसाची तयारी नाही.

२४ जानेवारी, रविवार

कर्जतकडं मुलगी पाहिली. केशर नाव. सातवी पास. मला पसंत. हे चौथं स्थळ. पण मागच्या तिन्ही वेळेला केस नीट नव्हते, त्यामुळं ती धरायची नाहीत.

केशरनं माझ्या डोक्याकडं दोनदा पाहिलं. बरोबर गोजरवहिनी होत्या (माझे चुलतभाऊ कानिफनाथ यांच्या पत्नी). परत येताना एसटीत त्या म्हणाल्या की भावजी, तुमच्या केसात माशी चिकटली हुती, ती बिचारी सुटायला बघत हुती. असेल. पण माणूस माशीकडं एकदा बघतो. दोनदा नाही.

मुलीकडचे घर बघायला १४ मार्चला येणार. सात आठवडे. तोवर केस आणखी बोटभर.

३१ जानेवारी, रविवार

संकट. सहादेवतात्या आजारी. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, कानिफनाथचे वडील. ऐंशीच्या पुढं. छाती भरलीय. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, वय बघता काही सांगता येत नाही.

आमच्या भावकीत वडीलधारा पुरुष गेला की दहाव्याला त्याच्याहून धाकट्या सगळ्या पुरुषांनी वस्तऱ्याखाली बसायचं. गोटा. बाप, चुलता, चुलतचुलता, सूट नाही.

कागदावर हिशेब केला. तात्यांनी १४ मार्च गाठला पाहिजे. त्यानंतर त्यांची मर्जी.

१ फेब्रुवारी

प्लॅन तयार. रोज ऑफिसातून सुटल्यावर तात्यांकडं. औषध वेळेवर, ग्लुकोज, पाठीला शेक. कानिफनाथ शेतात राबून दमतो, त्याच्यावर हे सोडून चालणार नाही. त्याचे केस बारीकच असतात, त्याला घाई नाही.

५ फेब्रुवारी

तात्यांना शेकलं. तात्यांना बोलायला धाप लागते तरी बोलतात. म्हणाले, गहिन्या, एरवी संक्रांतीला तीळगूळ द्यायला येतो, तेबी उभ्या उभ्या. आवंदा काय मुक्कामच ठोकला? म्हटलं, तुमची काळजी वाटते. ते म्हणाले, माजी का डोस्क्यावरल्या जावळाची? मी शेकाचं फडकं बदललं. म्हणाले, आसू दे, लाजू नको, तेवढी उशी वर कर.

म्हातारपणी माणूस संशयी होतो.

१२ फेब्रुवारी

आठ दिवस रजा टाकली. काही कामं वहिनींना सांगता येत नाहीत. केली. इथं लिहीत नाही.

अंघोळ करून क्रीम लावायला उशीर झाला. एकदाच लावलं. संकल्पात एवढी सवलत चालते.

१६ फेब्रुवारी

गावात माझं नाव होतंय. पारावरून जाताना बायाबाप्ये म्हणाले, पोटच्या पोरानं करावं तसं करतोय. आईला चार ठिकाणी हेच ऐकायला मिळालं. ती आल्यागेल्याला सांगते. मी खुलासा करत बसलो नाही.

२० फेब्रुवारी

तात्या जरा बरे. म्हणाले, ती बरनी आन, बगू काय आसतं. आणली. वास घेतला. म्हणाले, लाव मला. मी त्यांचे पांढरे केस क्रीम लावून मागं बसवले. तात्यांनी आरसा धरून बराच वेळ बघितलं. मग गोजरवहिनींना म्हणाले, आता मला कुनी पोरगी दावंल का? वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

त्यांचे केस माझ्यापेक्षा दाट निघाले. म्हातारपणी केस फुगत असावेत.

२८ फेब्रुवारी, रविवार

रोज तात्यांचे केस बसवावे लागतात. न बसवले तर औषध घेत नाहीत. बरणी निम्म्यावर आली. माझ्यासाठी पुरवून वापरतोय. आज लावलंच नाही.

वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तात्यांनी आज सांगितलं की पहिल्यांदा शाळेत मला त्यांनी खांद्यावर बसवून नेलं, आणि मी त्यांचं पागोटं उपसून रस्त्यावर टाकलं. मला आठवत नाही. म्हणाले, तवापस्नं तुला डोक्याचाच नाद.

७ मार्च, रविवार

तात्या उठून बसले. भाकरी मागितली. दुधात कुस्करून अर्धी खाल्ली. १४ मार्चला सात दिवस राहिले. प्लॅन शंभर टक्के यशस्वी. उद्यापासून दिवसातून दोनदा क्रीम.

१० मार्च

तात्या गेले. सकाळी सात वाजता. मी पाणी तापवत होतो.

कर्जतला निरोप धाडला. चौदाचं पुढं ढकललं.

१९ मार्च

दहावा. नदीवर भावकीतले अकरा पुरुष ओळीनं बसले. कानिफनाथनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुजं जुळायचं चाललंय, शास्त्रापुरती एक बट काढ, कुनी काय म्हननार न्हाई. आसारामही म्हणाला, नौकरीवाली मान्सं हल्ली तसंच करत्यात.

हेच मी सांगणार होतो. फेब्रुवारीतच मुद्दे काढून ठेवले होते. सरकारी जमाना, ऑफिसची शिस्त, वगैरे. एकही मुद्दा न काढता समोरच्याच माणसाला पटलं होतं.

बसलो. पूर्ण.

कारण : गोटा केल्यावर केस दुप्पट दाट येतात, असं ऐकून आहे. त्याच विचारानं बसलो. दुसरं काही नाही.

कानिफनाथला पंधरा मिनिटं लागली. माझं पाच मिनिटांत उरकलं. माझ्यापर्यंत येईतो आसारामचा हात बसला असावा.

४ एप्रिल, रविवार

केस आले. कानांच्या वर आले. मागं आले. मधे आणि पुढं अजून नाहीत. तिथली कातडी जाड असल्यामुळं उशीर होत असेल.

आसारामला दाखवलं. त्यानं बोट फिरवलं. म्हणाला, दादा, हितलं दोन वर्सांपूर्वीच गेलंय. किरीममुळं तुमाला दिसत नव्हतं. आमाला दिसत हुतं.

दुसरा न्हावी बघावा.

११ एप्रिल, रविवार

दुसऱ्या न्हाव्यानं बोटसुद्धा फिरवलं नाही. लांबूनच सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार

कर्जतचे पाहुणे आले. केशरचे वडील आणि मामा. मी पाण्याचा तांब्या दिला. वडिलांनी पाणी पिऊन मला विचारलं, मुलगा कवा येनार हाय? म्हटलं, आलाय. ते म्हणाले, कुठंय? मग आईनंच सांगितलं. मामा सुपारी कातरत राहिला.

पुढं मात्र गाडी रुळावर आली. गोजरवहिनींनी तात्यांचा विषय काढला. मी रजा टाकली, शेक दिला, कपडे धुतले, रोज केस विंचरले, सगळं सांगितलं. वीस मिनिटं. मी संकोचानं मान खाली घातली, मग लगेच वर केली, कारण पाहुणे तिथंच बघायला लागले. केशरचे वडील म्हणाले, आसं मानूस हल्ली मिळत न्हाई.

जमल्यातच जमा. केसांची कसर भरून निघाली.

२७ एप्रिल

मामा निरोप घेऊन आला. मुलगा गुणी आहे. डोक्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, टोपी घातली की झालं. पण मुलीचे वडील म्हणतात, चुलत्याचं इतकं करणारा मानूस, उद्या भावकीतलं एकेक म्हातारं ह्याच्याच दारात यील, आन् समद्यांचं आमच्या पोरीला निस्तरावं लागंल. नको.

गैरसमज आहे. दूर करता येईल. मी तसा माणूस नाही, हे सगळ्यांत जास्त मला माहीत. लगेच पत्र लिहायला बसलो. रा. रा. यांस, कृतानेक नमस्कार, आपण ऐकले ते खरे नसून मी हे सर्व केवळ माझ्या केसांसाठी केले. इथवर लिहिलं. वाचून पाहिलं. परत वाचलं. पुढचं वाक्य सुचेना. दोन कागद फुकट गेले.

आई दारात उभी. म्हणाली, मामा थांबलाय, त्यास्नी काय सांगू? म्हाताऱ्यांचं तू करशील म्हणत्यात, ते खरं का?

म्हटलं, खरं आहे म्हणून सांग.