पासवर्ड विसरलात?

९ ऑगस्ट २००८, श.
सकाळची शाळा. दाभोशाहून जीपने जव्हार, तिथून घरी जामसरला न जाता थेट स्टँडमागच्या नेटकॅफेत. मालक नरेशभाऊ म्हणे, "मॅडम, सगळे शिक्षक आलेत यावर, तुम्हीच राहिलात." ओळखीची माणसं शोधायच्या साइटवर खातं उघडून दिलं. मधे लांबलचक इंग्रजी मजकूर, खाली चौकोन. मी वाचायला लागले तर म्हणतो, "ते कोणी वाचत नाही हो. मान्य म्हणायचं नि पुढे जायचं." माझ्या हातातला माउस घेऊन टिचकी मारलीसुद्धा. हजेरीपटावरही वाचल्याशिवाय सही न करणारी मी! गुप्त प्रश्नही त्यानेच निवडला: जन्मतारीख. "पासवर्ड विसरलात तरी आत येता येतं."
बहिणीला, हिराला शोधलं. नाही सापडली. सात वर्षं झाली तिला लग्न करून निघून जाऊन. नवरा परजातीतला म्हणून दादाने तिचं नाव घरातून पुसलं. आईने पुसलं नाही, फक्त मोठ्याने घेत नाही.
(पुढे नुसतं हि. लिहीन. वही कुणाच्या हाती लागली तर. अर्थात वर पूर्ण नाव लिहून बसलेच आहे. धन्य!)

१९ ऑगस्ट
उशिरा आलेल्या दोन मुलांची नावं पहिलीत घातली. जन्माची नोंद कुणाकडेच नाही. "पाऊस होता तवा," एवढंच आई सांगते. दोघांनाही १ जून लिहिली. मला, दादाला, हि.ला, सगळ्यांना गुरुजींनी तीच दिली होती.

२३ ऑगस्ट, श.
मी शोधत होते, सापडले मात्र तिला मी.
माझ्या पानावर एकच शब्द. इंग्रजी अक्षरांत. "बाय?"
मला बाय म्हणणारी एकच आहे. नाव वेगळं घेतलंय, फोटोत चेहरा नाही, लहान मुलाची दोन पावलं. मी शाळेतल्या नावाने, गावासकट खातं काढलं म्हणून तिला सापडले.
"हो, मी" एवढं टाइप करायला किती वेळ लागला. नरेशभाऊने विचारलं, डोळ्यात काही गेलं का? म्हटलं, हो.

६ सप्टें., श.
हि.चं लांब पत्र, खाजगीतलं. नाशिकला आहे. कॉलनीचं नाव, खालच्या पिठाच्या गिरणीची खूण, सगळं लिहिलंय. मुलगी चार वर्षांची. "आईला सांग बरी आहे. गाव सांगू नको, तिच्या पोटात राहत नाही. दादाला काहीच नको. तुझ्याशिवाय कुणाला नको, बाय."
पोरीचा फोटो छापून घेतला. आईने दाराशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाली, "हिला तीट कोण लावत असंल?" तांदळाच्या डब्यात फोटो ठेवलाय. दिवसातून चारदा तांदूळ निवडायला काढते.

२१ सप्टें., रवि.
खातं काढतानाच्या त्या अटी छापून आणल्यात. अकरा पानं. डिक्शनरी घेऊन ओटीवर बसले. तीन पानं झाली. तुमचे फोटो तुमचेच, पण आम्ही वापरू शकतो. आम्ही नियम कधीही बदलू. (छान आहे!) खातं एकानेच वापरायचं. पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. त्या खात्यातून जे होईल त्याची जबाबदारी तुमची.
हे शेवटचं बरोबर वाटलं. असंच असायला हवं.

११ ऑक्टो., श.
हि. नाही. पावलांचा फोटो नाही. माझ्या पानावरचा "बाय?" पण नाही. तिने खातं काढून टाकलं की तिचे शब्दही जातात म्हणे. माझी उत्तरं मात्र तशीच आहेत, एकटीच बडबडल्यासारखी.
मी काय केलं?

१८ ऑक्टो., श.
नरेशभाऊ सहज बोलून गेला. "तुमचे दादा आले होते मागे, मोखाड्याहून. तुमचं खातं उघडून बसले होते. मी म्हटलं, घरचेच आहेत."
पासवर्ड कुठून मिळाला? मिळायची गरजच नव्हती. 'विसरलात?' वर दाबलं, जन्मतारीख विचारली, १ जून. अख्ख्या तालुक्याची किल्ली एक. मी स्वतः दरवर्षी मुलांच्या हातात तीच देते आणि मला हे सुचू नये!
आत जाऊन त्याने नवा पासवर्ड स्वतःच्या मनाने ठेवला असणार. तो नेमका माझाच जुना निघाला: आईचं नाव. म्हणून मला पत्ता लागला नाही.
"तुझ्याशिवाय कुणाला नको, बाय." तिला वाटणार मीच सांगितलं.

३० ऑक्टो., भाऊबीज
दादा आला. ऑफिसच्या सुट्टीचा रुबाब. ओवाळलं. विचारलंच शेवटी. गेला होता नाशिकला. गिरणीपाशी उभा राहिला. सोबत दोन माणसं.
"दोन माणसं कशाला नेलीस?"
"एकट्याला धीर नव्हता."
"मारायला?"
"येडी का? आई थकली हे सांगायला. तिनं वरून बघितलं नि दार लावलं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी."
खरं बोलतो की नाही कळत नाही. तीन पुरुष खाली उभे दिसल्यावर कोणती बाई दार उघडेल? तसं बोललेही. जाताना पिशवीतून खण काढले. दोन. एक माझ्या हातात दिला, दुसरा ताटाच्या कडेला ठेवून गेला.
त्याचा राग अजून आहे. तो खण पाहिला की कमी होतो, याचाही राग येतो.

१५ नोव्हें., श.
गुप्त प्रश्न बदलला. जन्मतारीख काढली. आता माझा प्रश्न: "ओढ्यातल्या खडकाला आपण काय म्हणायचो?"
शाळेत जाताना त्या खडकावर आम्ही दोघी ओल्या चपला वाळत घालायचो. दादा तेव्हा आश्रमशाळेत. आईलाही माहीत नाही. उत्तर या वहीतही लिहीत नाही.
पासवर्डही बदलला, मलाच पाठ होईना असा.
मग माझ्या पानावर, सगळ्या जगाला दिसेल असं वाक्य टाकलं: "पासवर्ड विसरलात? तिथे दाब, बाय विचारतेय." वाचू दे कुणालाही. उत्तर एकीलाच येतं.
आत तिच्यासाठी पत्र लिहून ठेवलंय, न पाठवलेलं. कुणी कसं शोधलं, दादा कशाला गेला, दोन खण, आईचा दुखणारा गुडघा. सगळं.
खातं एकानेच वापरायचं, हा नियम मी मोडतेय. डोळे उघडे ठेवून. नोकरीत चौदा वर्षांत एक नियम मोडला नाही.

६ डिसें., श.
आत गेले. पत्र आहे तसं. कुणी नाही.

१३ डिसें.
नाही.

२० डिसें.
लाइट नव्हती. कॅफेच्या पायरीवर चार वाजेपर्यंत बसले. शेवटची जीप चुकता चुकता मिळाली. आई म्हणाली, "रोज रोज कुठं बसतेस, बाय?" आज तिच्याही तोंडून बाय आलं. एकदम रडले. लपवलं नाही. मग सगळंच सांगितलं, नाशिकसुद्धा. ऐकून म्हणाली, "ती रुसली तर लवकर बोलायची नाय. पण यायची." मला एवढी खात्री नाही. मला ती हवी आहे, इतकंच कळतं. भांडायला आली तरी चालेल.

२७ डिसें.
नाही.

१० जाने. २००९, श.
पासवर्ड टाकला. चुकीचा म्हणाला.
परत टाकला, एकेक अक्षर बघून. चुकीचा. तिसऱ्यांदा नरेशभाऊ मागे येऊन उभा. "विसरलात ना? उत्तर द्या, नवा मिळतो."
विसरले नव्हते. कुणीतरी बदललाय.
खडकाचा प्रश्न समोर आला. बोटं त्या अक्षरांवर ठेवली. उत्तर दिलं असतं तर आत जाऊन बघता आलं असतं, पत्र वाचलं का, काही लिहिलं का. पण मी नवा पासवर्ड घेतला की तिचा मोडणार. परत आली तर तिला वाटेल, बायने बाहेर काढलं.
नरेशभाऊने त्याच्या खात्यातून माझं पान दाखवलं. तेच वाक्य, जसंच्या तसं. साइटचाच काही घोटाळा असेल, म्हणतो. असेलही. अटींत तसंही लिहिलंय कुठेतरी.
उत्तर न देता उठले.
घरी आई तांदळाचा डबा घेऊन बसलेली. "उघडलं?"
"नाही. आतून लावलंय."
फोटो पदराने पुसत म्हणाली, "मंग हाय कोणीतरी."