नाव, गाव, आणि कुठं अडलंय

७ जुलै, सोमवार

थर परत सुटला. काचेवर रसायनाचा पातळ थर बसवायचा, एवढाच माझा प्रोजेक्ट. सकाळी काच गरम पाण्यातल्या भांड्यातून बाहेर काढली तेव्हा वर पांढरा, एकसारखा थर दिसत होता. मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी. वाळल्यावर थर पक्का बसलाय का बघायला चिकटपट्टी लावली, दाबली, ओढली. सगळा थर पट्टीवर, काच लख्ख.

प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "गरम पाणी मधेच गार झालं असणार. लाईट गेली होती ना?"

गेली होती. भोरात लाईट गेली की आमच्या प्रयोगशाळेतलं पाणी गार होतं आणि माझं एमएस्सीचं दुसरं वर्ष तिथंच थांबतं.

दुपारी विभागप्रमुख सरांनी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या वर्षाची नवीन पोरं शनिवारी येणार, आईबापांसकट. दुसऱ्या वर्षाने आपली ओळख करून द्यायची. इंग्लिशमध्ये. नाव, प्रोजेक्ट, निष्कर्ष. 'माझा निष्कर्ष पट्टीला चिकटलाय सर, तीच दाखवू का' असं अगदी ओठावर आलेलं. गिळलं.

८ जुलै

आमच्या वर्गातला अक्षय शिवऱ्याचा. हायवेला त्यांची रसवंती आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलून बातमी काढायची सवय. आज ऑफिसातून काढून आणली. पहिल्या वर्षाला नावं कमी आलीत. आलेल्यांपैकीही बऱ्याच जणांचा एक डोळा पुण्यावर. वर्ग भरला नाही तर तो सुरूच होणार नाही. आणि त्या वर्गाचे तास गेले की मॅडमही गेल्या. मॅडम तासिकेवर आहेत. तास असतील तर मॅडम, नाहीतर नाही.

मग माझा थर कोण बघणार? स्वार्थ आहेच, वहीत कशाला लपवू. पण नुसता स्वार्थ पण नाही. या बाईंनी मला काच धुवायला शिकवली. काच धुणं म्हणजे काय असतं ते त्याआधी मला माहीतच नव्हतं. घरात आपण भांडी घासतो, तेवढंच.

९ जुलै

गेल्या वर्षीची ओळख आठवत होते. मी मागच्या बाकावर. समोर सीनियर एकामागून एक उठत होते. "मायसेल्फ अमुक", आणि त्यापुढं असलं इंग्लिश की मला 'अँड' आणि 'द' तेवढे कळले. प्रत्येकाचा आलेख सरळ रेषेत. त्या दिवशी येष्टीत नसरापूरपर्यंत रडले आणि नसरापूर ते विंझर बी.एड.चा विचार केला.

दिवाळीनंतर कळलं, त्यांच्यातल्या कुणाचाच थर काचेला धड चिकटत नव्हता. आलेख कुठल्यातरी छापून आलेल्या शोधनिबंधातले. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या आधीच्यांनी तसंच केलं, यांनीही केलं. पण माझ्या शेजारी बसलेल्या दोघी त्याच आठवड्यात सोडून गेल्या. एकीचं लग्न झालं. दुसरी पुण्यात मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालते. मीच तेवढी राहिले, आणि तेही केवळ येष्टीचा पास काढून झालेला म्हणून.

ठरलं. यंदा असं नाही होऊ द्यायचं. मराठीत बोलायचं. नाव, गाव, आणि कुठं अडलंय. बास.

१० जुलै

वर्गात सांगितलं. अक्षय तडकला.

"प्रतीक्षे, येडी का तू? गिऱ्हाईक रसवंतीवर आलं की त्याला आधी गोड रस देतात. चरकात बोट सापडलेलं दाखवतात का?"

म्हटलं, गिऱ्हाईक रस पिऊन निघून जातं. ह्यांना दोन वर्षं चरक फिरवायचाय.

"आणि गेली सगळी पुण्याला तर?"

"तशीही जाणारच आहेत की."

त्यानं बॅग उचलली. मग म्हणाला, "माझं काय अडलंय ते मी सांगणार नाय. माझे बापू येतील तिथं रस घेऊन." त्याचा एक पेपर राहिलाय, घरी माहीत नाही. बरं, म्हटलं, तू तुझं इंग्लिश बोल. बाकीचे तयार आहेत, पण तोंडं बघण्यासारखी.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरांना आवडणार नाही." नको म्हणाल्या नाहीत.

११ जुलै, शुक्र.

संध्याकाळी आई धार काढत होती. मी दाराशी उभी राहून उद्याचं पाठ करत होते. मी प्रतीक्षा, विंझरची, माझं अडलंय ते असं असं. घाईत तोंडातून गेलं, "मी अडलीय."

आईचा हात थांबला. "अडली काय म्हन्तीस? विताना अडायला म्हस हायस का तू?"

"अगं, काम अडलंय असं म्हणायचं होतं."

"मंग तसं म्हन. मान्सांत जाऊन आसलं बोलू नगं, लोकं हसत्याल." परत धार सुरू. मग पाठमोरीच म्हणाली, "आन् म्हस तरी पोटात काय आसल्यावर अडती. तुज्या काचंत काय हाय?"

हसले. पण जेवताना तेच डोक्यात. काय हाय?

१२ जुलै, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच त्याला रंग लावीन.

हॉलमध्ये पुढं नवीन पोरं, मागं आईबाप, कडेला आम्ही. सरांनी प्रास्ताविक इंग्लिशमध्ये केलं. अक्षय पहिला उठला, "मायसेल्फ अक्षय" म्हणाला आणि सगळं झकास म्हणून बसला. टाळ्या. मागून त्याच्या बापूंच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या.

मग मी. समोर एक पोरगी बसलेली, फाईल छातीशी धरून, नजर जमिनीवर. गेल्या वर्षीची मीच. तिच्याकडं बघितलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हटलं,

"मी प्रतीक्षा. विंझरची. आणि मी अडलीय."

 मग मागच्या रांगेतले सगळे बाप एकदम हसायला लागले. आयाही पदर तोंडाला लावून. मग पोरं. हॉल नुसता हलत होता. माझे कान असे तापले, त्यावर चहा झाला असता. तेवढ्यात मागून एक फेटेवाले उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"पाय दिसतोय का, पोरी?"

रेडकाचा पाय दिसला की म्हस सुटायला आली, हे त्या हॉलमध्ये सरांखेरीज सगळ्यांना माहीत. मी काय बोलणार? खरं तेच बोलले. "न्हाई, आबा. अजून न्हाई."

आणि मग सुचलं. काच, गरम पाणी, थर, पट्टी, गेलेली लाईट, सगळं सांगितलं, घरी सांगते तसं. किती वेळा सुटला तेही. खिशात सोमवारची पट्टी होती ती दाखवली. कुणी हसलं नाही. ते आबा पुढं येऊन पट्टी उजेडाकडं धरून बघून गेले.

माझ्यानंतरचे सगळे मराठीत. एकाचं यंत्र बिघडलेलं, एकीला गणित येत नव्हतं, तिनं सरळ सांगितलं. मग नवीन पोरांची पाळी. ती फाईलवाली उठली. आवाज बारीक पण थांबली नाही. "मी सायली. वेल्ह्याच्या पुढं, रातची येष्टी वस्तीला ऱ्हाती ते गाव. माझं अडलंय ते म्हणजे सकाळची येष्टी हितं पोचंस्तवर पयला तास संपलेला असतोय."

फेटेवाले आबा तिचे वडील.

रस सगळ्यांना मिळाला. सरांनी घेतला नाही.

१४ जुलै, सोम.

सरांच्या केबिनमध्ये. "ही ओळख होती की जनावरांचा दवाखाना? आईबापांसमोर विभागाची अब्रू घालवलीस." मी मान खाली घालून ऐकलं. माफी मागितली नाही. सर चिडले ते खोटं नव्हतं, त्यांनाही वर्ग भरायचाय. पण खोटं सांगून भरलेला वर्ग दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायला गेले तर माझा थरच नाही.

दुपारी दोन पोरं प्रवेशाचे मूळ कागद परत घेऊन गेली. अक्षय माझ्याकडं बघत पण नाही.

१५ जुलै

आणखी एक गेला. त्याची आई जाताना म्हणाली, "पोरी, तू खरं बोललीस ते चांगलं केलंस, पण आमाला पुन्यातच बरं." वाईट वाटलं. रागही आला. आणि तरी परत शनिवार आला तर मी तेच बोलेन. लोक हसतील ते हसू देत.

१६ जुलै

मॅडमकडं गेले. सायलीच्या येष्टीचं सांगितलं, पहिला तास उशिरा घेता येईल का म्हणून. मॅडम वेळापत्रकाकडं बघत राहिल्या. हसल्या. "अगं, तो तास मला मिळेल की नाही हेच ठरायचंय." मग पेन्सिल घेतली, आपला पहिला तास दुपारच्या सुट्टीनंतर टाकला. सुट्टीनंतर मॅडमना घरी जायचं असतं, त्यांचं पोरगं लहान आहे. हे मला माहीत होतं, मी तरी मागितलं.

"तुम्ही गेलात तर?" असं विचारलं शेवटी.

"माझं बघू नको. काच धू."

१७ जुलै

सायलीला फोन केला. तास बदललाय म्हटलं.  मग म्हणाली, "ताई, कागद काल नेले आमी. मामा पुन्यात हायत, त्ये म्हन्त्यात पुन्यालाच ये." आबा काय म्हणतात विचारलं. "आबा कायच म्हनत न्हाईत."

फोन ठेवला आणि वर्गात जाऊन डोकं टेकलं. अक्षयने एक रसाची बाटली पुढं सरकवली. एवढ्या पावसात रस. प्यायले.

१८ जुलै, शुक्र.

बसून राहिले तर बसूनच राहीन. तेव्हा ठरवलं, लाईट आपल्या हातात नाही, पण ऊब आहे. पाणी गरम झाल्यावर गार व्हायला वेळ लागला पाहिजे, एवढंच ना? गिरणीवर भाताचं तूस पडलेलं असतं. एक गोणी भरली. आई म्हणाली, "आता कालीजात चूल घालतीस व्हय?" पण गोणीचं तोंड तिनंच शिवून दिलं.

येष्टीत कंडक्टर गोणी घेईना. मागच्या सीटखाली कोंबली. कापूरहोळला गाडी बदलताना फाटली, थोडं तूस स्टँडवर सांडलं.

मॅडमनी गोणी बघितली, मग मला. म्हटलं, लाकडी खोक्यात तूस, तुसात भांडं, वर जाड झाकण. त्या म्हणाल्या, "कण उडून भांड्यात गेले तर?" म्हटलं, भोवती जुनी ओढणी गुंडाळते. "बघ करून."

१९ जुलै, शनि.

लाईट दोनदा गेली. पाणी हात लावता येणार नाही इतकं गरमच होतं. मी आणि अक्षय आळीपाळीने तापमापीकडं बघत बसलो. मधेच म्हणाला, "बापूंना सांगितलं. पेपर राहिलाय म्हणून."

"मग?"

"मारलं नाय. म्हणाले, तू मागल्या शनिवारी सांगितलं अस्तंस तर टाळ्या वाजवल्या नसत्या, बास." बराच वेळ तो रसाची बाटली हातात फिरवत होता.

२१ जुलै, सोम.

काच काढली. थर आहे. वाळत ठेवलाय. पट्टी उद्या. आज मुद्दाम लावली नाही. भीती वाटते, खरंच सांगते.

उद्या संध्याकाळी ऑफिस बंद झालं की कागद घेणं बंद. बाकं अजून मोकळी आहेत. सर आज व्हरांड्यात उभे होते, माझ्याकडं बघून म्हणाले, "तुसाचं काय झालं?" म्हटलं, उद्या कळेल सर. त्यांनी मान हलवली.

२२ जुलै, मंगळ.

प्रयोगशाळेतच बसून लिहितेय. बाहेर पाऊस. मॅडम तासाला गेल्यात. सकाळपासून दोघं कागद द्यायला आले. अजून पुरत नाहीत, अक्षय सांगून गेला.

आत्ता दारात सायली उभी आहे. चिंब. फाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काखेत. फाईल इकडं द्यायला आणलीय की पुण्याला जाताना भेटून जायला आलीय, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

ती म्हणाली, "आबा खाली गाडीपाशी थांबल्यात. त्यांनी इचारलंय, पाय दिसला का."

म्हटलं, आधी फाईल ठेव त्या टेबलावर, हात पूस. ठेवलीय. ओढणीला हात पुसतेय. मी काचेवर पट्टी लावून अंगठ्याने दाबून ठेवलीय. टोक तिच्या हातात देणार आहे.

वही मिटते. तिला एवढंच सांगायचंय, हळू ओढ, पण मधे थांबू नको.