पेव्हर ब्लॉकमधलं कारस्थान

३ जून
अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. कोपऱ्यात लॉनसाठी माती राखली, बी टाकलं, पाइपने जोरदार पाणी मारलं. कंत्राटदाराला खडसावून विचारलं, फटींतून गवत येणार नाही ना? म्हणाला, छे, नावच काढू नका. पण हसला. का हसला?

२० जून
लॉनमध्ये काडी नाही. फटींत मात्र हिरव्यागार रेघा. मातीत उगवत नाही आणि सिमेंटमध्ये उगवतं? कुणीतरी मुद्दाम पेरतंय. बायको म्हणाली, गवत कुणाला पेरावं लागतं का? भोळी आहे.

२२ जून
संशय पक्का: शेजारचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या अंगणात एक पातं नाही. वर मला म्हणाले, छान उगवलंय हो. उद्यापासून पहाटे पाचला उठून पाळत.

२३ जून
सव्वाआठला उठलो. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. हीसुद्धा सामील?

२५ जून
फाटकाजवळच्या दोन ओळी साफ! पुरावा नष्ट केला जातोय.

२६ जून, पहाटे ५.४०
सापडले! मास्तर आमच्या अंगणात उकिडवे, हातात खुरपं. खिडकीतूनच चोर, चोर ओरडलो. सगळी गल्ली बाहेर. मास्तर उठले. मान खाली घालून गेले. चोराच्या मनात चांदणं.

सकाळी ७.३०
बायको रडली, मग सगळं सांगितलं. माझ्या कमरेमुळे मला वाकवत नाही, म्हणून मास्तर तीन दिवस गवत उपटत होते. ह्यांना सांगू नका, अवघडतील, असं तिला म्हणाले होते. आणि लॉनचं बी म्हणे माझ्याच पाइपने फटींत वाहून गेलं. हे मात्र सिद्ध व्हायचंय.

२७ जून
माफी मागायला गेलो. दोन वाक्यं पाठ केली होती. तोंडातून निघालं, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मास्तर म्हणाले, हो, चुकलंच माझं. दार लावून घेतलं.

११ जुलै
गवत घोट्याएवढं. कुणाच्या उपकाराची गरज नाही, म्हणून स्वतः बसलो. चार काड्या उपटल्या. उठता येईना. बायको बाहेर गेलेली. कंपाउंडपलीकडे मास्तर पेपर वाचत होते. हाक मारू की नको, यात वीस मिनिटं गेली. शेवटी मारली. आले, काखेत हात घालून उठवलं, खुर्चीवर बसवलं, परत जाऊन पेपर उघडला. पेपराआड हसत होते का, दिसलं नाही. नसावेत. हसले असते तर बरं वाटलं असतं.