हलकी करवत

९ फेब्रुवारी

आज वर जाऊन आले. अर्धं जंगल आडवं! आठवडाभर पाऊस पडता पडता गोठत होता, तेव्हा घरात बसून ऐकतच होतो – कड कड कड, मग धाड. तेव्हाच कळलं होतं. पण डोळ्यांनी बघणं वेगळं. माझ्या लग्नात मांडीएवढी होती ती बीचची झाडं, आता ती कमरेत मोडून पडलीत. वरचा ओक मुळासकट उपटलाय. सगळ्यावर अजून काचेसारखा बर्फ.

खाली आले तर फेलिक्स खिडकीत. “किती पडलीत?”

“मोजायला गेले नव्हते,” मी म्हटलं. त्यानं तोंड फिरवलं.

ऑक्टोबरपासून हे असंच. हृदयाचा झटका त्याला आला आणि शिक्षा मला. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय – ओझं उचलायचं नाही, थंडीत दम लागेल असं काही करायचं नाही, करवतीचं तर नावच काढू नका. अख्खं खोरं ज्याला अवघड झाडं पाडायला बोलवायचं, तो आता माझ्या चुलीवर कोबीचं सूप ढवळतो. तेही करपवतो.

११ फेब्रुवारी

वीज आली. बाकी काही नाही.

१२ फेब्रुवारी

रुडी आला होता, फेलिक्सचा धाकटा भाऊ. बूट न काढता आत आला, टेबलाशी बसला, आणि स्वतःच बाटली काढून ओतून घेतली.

“वहिनी, बीच फार दिवस पडून राहिला की डागाळतो. ऊन तापायच्या आत बाहेर काढला तर फर्निचरवाले घेतील, नाहीतर जळणाच्या भावात जाईल. बुंध्यापासून कापायचं आणि ट्रॅक्टरनं ओढायचं मी बघतो. फांद्या उतरवायचं मात्र तुमचं तुम्ही बघा. मला माझंही जंगल आहे.”

“माणूस ठेवू,” फेलिक्स म्हणाला.

“कुठला माणूस? सगळ्यांचीच झाडं पडलीत. आता माणूस मिळतोय होय!”

मी म्हटलं, “फांद्या मी उतरवते.”

दोघं हसले. एकदम! ऑक्टोबरनंतर फेलिक्स पहिल्यांदा हसला तो यावर. लग्न झाल्यापासून मी ह्या माणसामागे फांद्या ओढतेय. तोडणारा तो, ओढणारी मी. करवतीला नुसता हात लागला तरी “ठेव, पाय कापून घेशील.” आता तो खुर्चीत आहे, तरी हसायचं मलाच.

१५ फेब्रुवारी

त्याची मोठी, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन गेले वर. त्याचीच जाड संरक्षक पँट, कमरेला दोरीनं आवळून. करवत सुरू करतानाच खांदा निखळतो की काय वाटलं. ती मोठी झाडं पाडायची करवत. पाडताना ती एका जागी धरायची असते. फांद्यांचं तसं नाही. उचल, ठेव, फिरव, पुन्हा उचल – दिवसभर तेच. आणि साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी एवढी लांब की टोक कुठे जाऊन आदळेल सांगता येत नाही.

फेलिक्स ट्रॅक्टर हळूहळू चालवत आला आणि वाटेवर बसून राहिला. तिथूनच ओरडणं सुरू.

“त्या बाजूला उभी राहा! खोड तुझ्या पायांच्या आणि साखळीच्या मध्ये पाहिजे!”

“उचलतेस कशाला? खोडावर टेकव, घसरव! वजन झाडाला घेऊ दे!”

“टोकानं कापू नकोस, बाई! टोकानं कापू नकोस!”

सगळं बरोबर सांगत होता. म्हणूनच जास्त चीड येते. सव्वीस वर्षांत एकदाही शिकवलं नाही, आणि आता रस्त्यावरून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असं शिकवतोय.

जेवताना चमचा दोनदा हातातून निसटला. त्यानं बघितलं. “सांगितलं होतं मी.”

१७ फेब्रुवारी

नेझ्काचा फोन. तिकडे ऑस्ट्रियात, ग्राट्सला ऊन पडलंय म्हणे. “आई, विकून टाका ना ते जंगल.” माझी मुलगी आहे, म्हणून काही बोलले नाही.

१९ फेब्रुवारी

हलकी करवत घ्यायची असं ठरवलं. फेलिक्स म्हणाला, “घरात करवत आहे.” मी म्हटलं, घरात बैलही होता एकेकाळी. 

रुडीला शहरात, पोस्तोयनाला जायचंच होतं, त्याच्या गाडीतून गेले. दुकानात केसांना जेल लावलेला पोरगा. वापरणार मी, आणि तो सगळं सांगतोय रुडीला! “वहिनींना काय झेपेल?” असं रुडीनं विचारलं, की त्याचं उत्तर परत रुडीलाच. शेवटी माझ्याकडे वळून म्हणतो, “काकू, तुम्हाला ही घरगुती मस्त. अगदी हलकी.”

मी म्हटलं, “मी तुझी काकू नाही. आणि बीचच्या फांद्या उतरवायच्यात, गुलाब नाही छाटायचे.”

मग बॅटरीवाली दाखवली. आवाज नाही, धूर नाही, छान आहे. पण वर जंगलात थंडीत ती दुपारपर्यंत तरी टिकेल का? आणि चार्ज कुठे करू, ओकच्या बुंध्याला? मग मूठ वरच्या बाजूला असलेली, छोटीशी, हातात पिसासारखी. मला तीच घ्यावीशी वाटली. रुडी म्हणाला, “ती झाडावर चढणाऱ्यांची आहे, वहिनी. जमिनीवर वापरली तर एका हातानं चालवायचा मोह होतो, आणि मग ती उसळून तोंडावर येते.” हे मात्र तो खरं बोलला.

मोकळ्या हातानं परत. येताना गाडीत रुडी म्हणाला, “सगळं मला देऊन टाका ना, उभं-आडवं. कशाला जिवाला त्रास?” – हां! हे होतं तर पोटात.

२० फेब्रुवारी

फेलिक्सला सांगितलं, तुझा भाऊ जंगल मागतोय. म्हणाला, “वाईट काय त्यात?”

मी भांडी आपटली. एक फुटलं. माझ्याच आईनं दिलेलं.

२४ फेब्रुवारी

घेतली!

बसनं एकटीच गेले. आज काउंटरवर मालक स्वतः होता. त्याला म्हटलं, कागदावरचं वजन मला सांगू नका, त्यात पट्टी नसते, साखळी नसते, पेट्रोल-तेल नसतं. सगळं घालून हातात द्या. त्यानं भुवया उडवल्या, पण दिलं. एकेक करवत भरून घेतली, आणि हात पुढे करून उभी राहिले, खांदे बोलेपर्यंत. घरगुती करवत हलकीच होती, पण सगळी प्लॅस्टिकची. कठीण लाकडात रोज सकाळ-संध्याकाळ चालवली तर वर्ष काढणार नाही, असं मालकानंच कबूल केलं. शेवटी जंगलकामाच्या करवतींतली सगळ्यात लहान. आतलं अंग धातूचं, पट्टी आखूड, हँडलला स्प्रिंगा – हाताला झिणझिण्या कमी. पोट सपाट, खोडावर सरळ घसरते. दुकानामागे ओकचा ओंडका होता, त्यावर चालवून बघितली. एका ओढीत सुरू! साखळी इतक्या जोरात फिरते की दाबावंच लागत नाही. मालक म्हणाला, “ही तर बायकासुद्धा सहज...” आणि घाईनं पावती करायला आत वळला.

मधमाश्या पाळून साठवलेल्या पैशातून किंमत दिली. ते माझे आहेत.

घरी आले तर फेलिक्स घरात नाही. लाकडाच्या शेडमध्ये, ओंडक्यावर बसलेला, चेहरा राखेसारखा. पायाशी त्याची मोठी करवत. सुरू करायला बघत होता. दोरी दोन-तीनदा ओढली असेल, तेवढ्यातच संपला.

गोळी दिली जिभेखाली. रंग परत आल्यावर मी म्हटलं, “झालं समाधान?”

मी नव्या करवतीचा खोका तिथेच त्याच्यासमोर उघडला. मुद्दाम.

२६ फेब्रुवारी

काय फरक आहे! खोडावर टेकवायची, ढकलायची, फांदी गळून पडते. संध्याकाळीही हात जागेवर होते. रुडी ओढून ओढून दमला आणि माझी पुढची झाडं तयार!

फेलिक्सनं करवत हातात घेऊन वरखाली केली. “केक कापायला बरी आहे. सणाला अक्रोडाची पोतीत्सा भाजशील तेव्हा काढ बाहेर.”

रुडी खो खो हसला. मी करवत फेलिक्सच्या हातातून काढून घेतली.

२ मार्च

आज दिवसभर तो बोलला नाही. बरं वाटलं.

५ मार्च

चूक माझीच. वाकलेली फांदी होती, दुसऱ्या झाडाखाली अडकून धनुष्यासारखी ताणलेली. मी बाहेरच्या बाजूनं कापली. सटकन सुटली आणि हेल्मेटवर बसली. पडले. कानात घंटा वाजत होत्या, बाकी काही झालं नाही.

फेलिक्स ट्रॅक्टरवरून उतरून बर्फातून धावत आला. धावत! आल्या आल्या करवत बंद केली, साखळीचा ब्रेक लावला आणि माझ्यावर जो सुरू झाला – “डोळे आहेत की बटणं? ताण कुठल्या बाजूला आहे ते बघायचं असतं! आधी आतून थोडं कापायचं, मग बाहेरून, थोडं थोडं, तिला हळूहळू सुटू द्यायचं! एवढं कळत नाही?”

“कोणी सांगितलं होतं मला? सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं?”

रुडी लांबून बघत होता. फेलिक्सचे ओठ निळे झाले होते. तसाच माघारी गेला, झाडाझाडाला धरत. मी मागे गेले नाही. कापत राहिले.

८ मार्च

महिला दिन. रुडीनं कार्नेशनचं फूल आणलं, सेलोफेनमध्ये. त्याला फूल द्यायचं नव्हतं, परत जंगलाचंच विचारायचं होतं. मी फूल घेतलं आणि “नाही” म्हटलं. फेलिक्सनं फूलही दिलं नाही.

रुडी गेल्यावर विषय निघाला. उतारावरचा तो थोरला बीच तेवढा राहिलाय. त्याचा शेंडा दुसऱ्या दोन झाडांखाली दबलाय, एकेक फांदी पिळवटलेली. बुंध्याकडून रुडीनं सोडवून ठेवलाय. सोमवारी मी फांद्या उतरवल्या की तो ओढणार.

“त्या झाडाला तू हात लावायचा नाहीस,” फेलिक्स म्हणाला.

“मग कोण लावणार?”

“रुडी.”

“रुडी म्हणतो, त्याला वेळ नाही. फुकटात तर मुळीच नाही.”

“मग पडू दे तिथेच. कुजू दे.”

“सगळ्यात चांगलं लाकूड त्यातच आहे, हे तूच म्हणायचास!”

“ते झाड माणूस मारणारं आहे, रेझ्का. तुला दिसत नाही. मला दिसतंय.”

“तुला सगळंच दिसतं. खुर्चीत बसून सगळं दिसतं. एवढं दिसतंय तर जा ना, तूच कर!”

तो उठला, त्याच्या खोलीत गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं. मला वाटलं होतं आपटेल. बोलले त्याचं मला काही वाटत नाही. किती दिवस गिळायचं माणसानं? सोमवारी ते झाड मी करणार. आणि त्यानं परत वाटेवरून आरडाओरडा केला तर कानांवरचं झाकण काढणारच नाही.

१३ मार्च

काल फेलिक्सला मूठमाती दिली.

रविवारी मी चर्चमध्ये होते तेव्हा तो वर गेला. स्वतःची करवत त्याला सुरूसुद्धा करता येत नव्हती. माझी झाली. रुडीला तो त्या बीचला टेकून बसलेला सापडला. करवत शेजारी, बंद, ब्रेक लावलेला.

आज एकटीच वर जाऊन आले. ताणातल्या सगळ्या फांद्या त्यानं उतरवल्यात, खोडाला अगदी लागून, हात फिरवला तर कुठे अडकत नाही. फक्त साध्या, सरळ तेवढ्या ठेवल्यात. माझ्यासाठी.