प्रार्थनेत आमचा नंबर लागेना

तीर्थरूप आत्याबाई यांस,

प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. आम्ही इथे धडधाकट आहोत. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय ते कळवा. मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत, पैसा आल्यापासून तुझी प्रार्थना कमी झाली का रे? मुळीच नाही. पूर्वी फरशीवर गुडघे टेकत होतो, आता जाड गालिच्यावर टेकतो, त्यामुळे उलट जास्त वेळ निभावतं. श्रद्धा आणि श्रीमंती यांचं आमच्या घरी छान जमतं, दोघींच्या खोल्या वेगळ्या आहेत एवढंच. (ही कोटी मी चर्चच्या मंडळीच्या सभेतही केली होती. पाळकसाहेब हसले नाहीत, पण त्या दिवशी त्यांना सर्दी होती.)

नव्या घरातली पाहुण्यांची खोली तुम्ही पाहिलेली नाही. पाहुण्यांनीही पाहिली नव्हती म्हणा. आमच्या कारखान्यातली सगळ्यात उंची गादी, तिच्यावरचं प्लास्टिक तेव्हा अजून तसंच, पांढरेशुभ्र पडदे आणि दाराला कुलूप. (कुलूप धुळीसाठी. लोक काहीही बोलतात.) तर एका रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की, आपल्या मंडळीतल्या वायरमनचं घर जळालं. वायरमनचंच घर वायरी पेटून जळावं यावर हसायचं नाही, हे बायकोने मला कोपर मारून आधीच कळवलं. माणसं वाचली, बाकी राख. मी ताडकन उभा राहिलो आणि जाहीर केलं, "लागतील तेवढ्या गाद्या माझ्याकडून!" मला वाटलं, आता सगळे गहिवरणार. पाळकसाहेब म्हणाले, "देव तुमचं भलं करो. पण त्या टाकायच्या कुठे? त्यांना जागा हवी आहे." मी गहन विचारात पडल्याचा चेहरा करतो न करतो तोच शेजारून आवाज आला, "आमच्याकडे एक खोली रिकामीच आहे." आत्याबाई, तो आवाज तुमच्या सूनबाईंचा होता.

संध्याकाळी वायरमन, त्याची बायको, दोन मुली आणि त्याची म्हातारी आई खोलीत दाखल. मुलींनी आल्या आल्या प्लास्टिक फाडलं आणि गादीवर अशा उड्या मारल्या की एवढी कसून तपासणी माझ्या कारखान्यातही होत नाही. आजी मात्र गादीवर झोपेनात. त्यांनी सतरंजी मागितली. म्हणाल्या, "गादी झकास आहे हो, पण एकदा आत गेलं की बाहेर काढायला माणूस लागतो." माझ्याच घरात, माझ्याच मालाबद्दल! मी इरेला पेटलो. कडक गादी आणली, मऊ आणली, काथ्याची आणली. आजी प्रत्येकीवर बसून बघत, तोंडभर कौतुक करत आणि सतरंजीवर जाऊन घोरत.

पण माझं खरं दुखणं निराळंच होतं. जेवणाआधीची प्रार्थना आजी करायच्या. अन्नाबद्दल आभार, आग विझवणाऱ्यांसाठी विनंती, माझ्या कारखान्यातल्या चौकीदाराच्या लेकीच्या लग्नासाठी विनंती (त्याला लेक आहे हे मला तिथेच कळलं), आणि माझ्या बायकोचं नाव तर रोज. मी डोळे मिटून, चेहऱ्यावर नम्रपणा आणून, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत असे, आणि एकदम आमेन! दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना कपडे आणले. आमेन. मुलींना दप्तरं आणली, त्यांच्या आईला शिलाई मशीन आणलं. आमेन. याच्या निम्म्या खटपटीत मी मोठमोठी कंत्राटं मिळवली आहेत!

शेवटी आजींना स्वयंपाकघरात गाठलं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, "आजी, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना का करत नाही?"

त्या गोंधळल्या. "तुमच्यासाठी काय मागू, बाबा? तुमच्याकडे सगळंच आहे. बोला, काय हवंय?"

मी तोंड उघडलं. आत्याबाई, बोलण्यात माझ्यापुढे भल्याभल्यांनी हार खाल्ली आहे, पण तिथे उभ्या उभ्या मनात जे जे आलं ते सगळं दुकानात मिळत होतं. मी शेंगा सोलायला बसलो. बसलोच आहोत तर काहीतरी बोलावं म्हणून त्यांच्या जळलेल्या घराबद्दल विचारलं. (एवढे दिवस ते विचारायचं राहूनच गेलं होतं.) नवऱ्याचा एकुलता एक फोटो त्यात गेला. आता त्याचा चेहरा आठवायला डोळे मिटावे लागतात, म्हणाल्या, आणि माझा हात धरून रडल्या. शेंगा तशाच राहिल्या.

घर दुरुस्त झाल्यावर ती मंडळी निघाली. निघताना आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, ह्या माझ्या लेकराला काहीतरी कमी पडू दे, म्हणजे तो कोणाच्या तरी दारी जाईल." धंदेवाल्या माणसाला असला आशीर्वाद! सगळे आमेन म्हणाले, तुमची सूनबाई सगळ्यांत खणखणीत. मी नंतर खोलीला कुलूप लावायला गेलो आणि न लावताच परत आलो. एकंदरीत या परीक्षेत मी पहिल्या वर्गात उतरलो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तुमच्या प्रार्थनांवर हक्क सांगणारा,
तुमचा भाचा

ता. क. मुख्य काम सांगायचं राहिलं. बायकोने ती खोली एका फिरत्या गायनमंडळाला कबूल केली आहे. तरुण पोरं आहेत, सोबत ढोल आणि कर्णा. तरी कृपा करून तुम्ही ताबडतोब निघा, खोली अडवून बसा आणि आपलं येणं फार पूर्वीच ठरलं होतं असं सांगा. यात खोटं काही नाही. मनातून तुमचं ठरलंच असेल.

पुन्हा ता. क. बायकोने पत्र वाचलं. आत्याबाईंनी जरूर यावं, म्हणते, त्यांना आपली झोपायची खोली देऊ. गायक ठरल्या दिवसाआधीच येऊन थडकले. पांघरुणं पुरेनात म्हणून मला शेजाऱ्याकडे पिटाळलं. आजवर ते दार मी फक्त 'गाडी नीट लावा' हे सांगायला ठोठावलं होतं. त्याने होती नव्हती तेवढी पांघरुणं दिली, वर बसवून चहा पाजला. दोघांत एकच कप, कारण दुसरा कुठे ठेवलाय ते त्याला सापडेना. बायको गेल्या वर्षी वारली त्याची. भिंतीपलीकडे, आत्याबाई, आणि मला पत्ता नाही. रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतोय. तुम्हीही या. पांघरूण मात्र तुमचं तुम्ही आणा.