आत्याचं सरबत आणि माझं आतडं

तीर्थस्वरूप आत्या,

पायांवर डोकं ठेवून आधी बातमी सांगतो, ख्यालीखुशाली मग विचारतो. तुझं लिंबाचं सरबत चार पेयांत चौथं आलं. ही उडती खबर नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी मंगळवारी दुपारी तक्त्याखाली सही करून ती पक्की केली आहे. आता सांग, गुडघे कसे आहेत? रक्तदाब? (हे उभ्याने वाचत असशील तर खाली बस.)

फाउंड्रीच्या फाटकाशी वीस उन्हाळे तू भट्टीवरच्या माणसांना सरबत पाजते आहेस, आणि नवा मॅनेजर तुझं पिंप हलवून तिथे बाटलीतलं संत्र्याचं पेय ठेवायचं म्हणतो, हे कळल्यावर मीच मॅडमच्या मागे लागलो, की कुठल्या पेयातलं पाणी आतड्यात किती मुरतं हे मोजताच आहात, तर आमच्या आत्याचंही घ्या. निकाल लागेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही, असं मॅनेजरलाही मीच छाती फुगवून कळवलं. त्याने लगेच कबूल केलं. (तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

मोजणी अशी असते. नाकातून एक लांब नळी घालतात, ती पोटाच्या पुढे लहान आतड्यात उतरते. तिच्या वरच्या भोकातून पेय थेंबथेंब सोडायचं आणि हातभर खालच्या भोकातून थोडं परत ओढून घ्यायचं. पेयात एक पदार्थ मिसळलेला असतो, ज्याला आतडं शोषत नाही. परत आलेल्या पेयात तो दाट झाला असेल तर पाणी अंगात मुरलं. विरळ झाला असेल तर अंगातलंच पाणी आतड्यात उतरलं. आतडं माझं होतं (चहा, पाणी, बोलणं तीन तास बंद, शेवटचं सगळ्यात जड गेलं). मीठ-साखरेचं पाणी पहिलं, साधं पाणी दुसरं, बाटली तिसरी. तुझं सरबत मात्र पाहुणा म्हणून आत गेलं आणि यजमानाचंच पाणी पिऊन बसलं.

मी मानलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आकडे तुझ्या आत्याला ओळखत नाहीत." मी म्हटलं, आत्याही आकड्यांना ओळखत नाही, वीस वर्षांत भट्टीसमोर एक माणूस चक्कर येऊन पडला नाही, ते कुठल्या तक्त्यात लिहू? मग त्यांनी कृती मागितली. तू फोनवर सांगितलेलीच होती: लिटरला दोन मुठी साखर, चार लिंबं, चिमूटभर मीठ. "मुठी कुणाच्या?" माझ्या. त्यांनी मला वजनकाट्यावर मूठ रिकामी करायला लावली आणि म्हणाल्या, "ही मूठ आहे की पातेलं?" माझ्या दोन म्हणजे तुझ्या चांगल्या चार भरतात! बायको म्हणते, "चूक कळली ना? आता मॅनेजरला सांगून मोकळा हो. सरबतासाठी नाकात नळी घालून घेणारा तूच पहिला." असेन. पण दुसऱ्यांदा घालून घेणाराही मीच. चूक माझ्या हाताची आणि शिक्षा तुझ्या पिंपाला, हे मी चालू देणार नाही. मॅडमनी आणखी एक चाचणी मंजूर केली आहे, एवढ्याच अटीवर की साखर तू स्वतः येऊन घालायची.

तुझा हट्टी भाचा

ता. क. हे मॅडमना दाखवू नकोस. तू दोन मुठी सांगतेस, पण मागच्या उन्हाळ्यात फाटकाशी उभा राहून मी मोजल्या आहेत. कुणी "आजी, झकास!" म्हटलं की तू पुढच्या लिटरला एक वाढवतेस. दुपारपर्यंत चार झाल्या होत्या. म्हणजे माझ्या आतड्यात मोजलं गेलं ते तुझंच सरबत होतं. तेव्हा आत्या, लिटरला एकच मूठ, तीही सैल. मीठ जरासं जास्त. आणि कुणी कितीही कौतुक केलं तरी हात आखडता. पुढे पिंपातही तेवढंच. माणसं कुरकुरतील. कुरकुरू देत.

आणखी एक ता. क. गुरुवारी सकाळी नऊला नळी उतरेल, शुक्रवारी संध्याकाळी आकडे येतील. सोमवारी मॅनेजर फाटकाशी येईल, पिंप उचलायला नाहीतर पेला पुढे करायला.