मस्कतचा अर्ज

हैदराबाद, १२ ऑगस्ट १९९६

आदरणीय आक्कास, किशनचा जयभीम.

मंगळवारी सकाळी पंचशील म्हणताना मी चौथ्या शीलावर अडलो. खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणतो. आणि मस्कतला जायला एजंट तेच शिकवत होता. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्याला परदेशी कामाला जाताना सरकारी शिक्का लागतो. तो चुकवायला एजंट म्हणाला, "चाचा, एअरपोर्टपे घूमने जारूं बोलके बोल देना, बस!"

आक्का, माझे गवंड्याचे हात बघून मी फिरायला चाललोय असं कोण मानेल? माझ्या खोलीत राहणारा एक जण विमानतळावर तसाच पकडला गेला. तू मात्र घोर लावून घेऊ नकोस. गुडघा बरा आहे ना?

शिक्क्याला महिना लागेल, तोवर काम राहील की नाही कोण जाणे. तरी आज मन नुसतं उड्या मारतंय! एजंटाकडून पासपोर्ट परत घेतला आणि सरकारी कचेरीत अर्ज देऊन आलो. कशासाठी जाता, या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: गवंडीकाम.

तुझा धाकटा,
किशन